पहिलीपासून, पण किती तास?



परकी भाषा मुलांना कोणत्या वयात शिकवावी, या विषयावर बोलायचं मी कबूल केलं तेव्हा व्याख्यानमालेच्या संयोजकांनी एकच अट घातली, पालकांना उपयोग झाला पाहिजे. सभागृहात पालक आहेत, आजी-आजोबा आहेत, आणि मागच्या रांगांमध्ये प्राथमिक शाळांचे शिक्षकही बरेच दिसताहेत. माझी सगळी नोकरी डी.एड.च्या विद्यार्थ्यांना इंग्रजीचं अध्यापन शिकवण्यात गेली. त्यामुळे बोलणं पालकांपासून सुरू झालं तरी ते शिक्षकांकडे वळणार, हे आधीच सांगून ठेवते.

आपल्या राज्यात या प्रश्नाला एक तारीख आहे. जून 2000. त्या महिन्यात महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. शालेय शिक्षणमंत्री होते प्रा. रामकृष्ण मोरे. त्याआधी इंग्रजी पाचवीपासून होतं, आणि त्याच्याही आधी, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत, मुंबई राज्यात ते आठवीवर नेलेलं होतं. आठवीतून पाचवीत आणि पाचवीतून पहिलीत, असा हा पहिला तास खाली खाली येत गेला. मोरे सरांवर तेव्हा सडकून टीका झाली. मराठी बुडणार, मुलांवर ओझं पडणार, असं पुष्कळ लिहिलं गेलं. निर्णयामागचा हेतू मला तेव्हाही पटला होता आणि आजही पटतो. शहरातल्या ऐपतदार घरच्या मुलाने ज्युनियर केजीपासून इंग्रजी ऐकावं आणि वाडीवरच्या मुलाने अकराव्या वर्षी ए-बी-सी-डी गिरवायला घ्यावी, ही तफावत सरकारने का चालू द्यावी? सावित्रीबाईंनी 1854 साली 'काव्यफुले'त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला तो याच पोटतिडिकीने. ज्यांना शिक्षणापासून पिढ्यान्‌पिढ्या लांब ठेवलं गेलं, त्यांना ज्ञानाची आणि अधिकाराची भाषा हवी असणारच. पदरमोड करून मुलाला इंग्रजी शाळेत घालणाऱ्या आईबापांना 'इंग्रजीचं वेड लागलंय' असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. त्यांची मागणी रास्त आहे. ती आपण कशी पुरवतो, याबद्दल मात्र माझी तक्रार आहे. लवकर सुरू केलं की भाषा येतेच, असं आपण धरून चाललो. सुरुवातीची इयत्ता ठरवली आणि भाषा शिकवण्याचं काम झालं असं समजलो.

'लवकर'ची बाजू आधी मांडते, कारण ती खोटी नाही. 1984 साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ या कॅनडातल्या संशोधकांनी तान्ह्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यासाठी निवडलेल्या ध्वनींमध्ये एक जोडी आपल्या ओळखीची होती, हिंदीतले ट आणि त. आपल्याला हे दोन वेगळे ऐकू येतात त्यात काही विशेष वाटत नाही. इंग्रजी कानाला ते एकच वाटतात. प्रयोग असा. बाळ आईच्या मांडीवर बसलेलं. ध्वनिक्षेपकातून एकच आवाज पुन्हा पुन्हा येतोय, आणि मधेच तो बदलून दुसरा येतो. आवाज बदलल्याबरोबर बाळाने त्या दिशेला मान वळवली तर तिथल्या पेटीत दिवा लागतो आणि खेळण्यातला प्राणी हलायला लागतो. बाळाला ही गंमत फार लवकर कळते. आवाज बदलला की ते पेटीकडे बघायला लागतं. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली सहा ते आठ महिन्यांची जवळजवळ सगळी बाळं ट आणि त यांतला फरक ओळखत होती. तशाच घरांतली दहा-बारा महिन्यांची बाळं मात्र बहुतेक ओळखत नव्हती. चालायला लागायच्या आत त्यांचा कान घरच्या भाषेला बसून गेला होता.

त्याआधी 1959 मध्ये मेंदूचे शल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड आणि लामार रॉबर्ट्स यांनी, आणि 1967 मध्ये एरिक लेनेबर्ग यांनी, भाषा शिकण्याचा एक मोसम असतो आणि पौगंडावस्थेपाशी तो संपत येतो, अशी मांडणी केली होती. मुलांच्या भाषेविषयी आज पालकांच्या कानावर जे काही येतं, शाळांच्या जाहिरातींतून, मोबाइलवरच्या व्हिडिओंतून, त्याचं मूळ बहुतेक करून इथे आहे. अलीकडे, 2018 मध्ये, अमेरिकेतल्या संशोधकांनी इंटरनेटवरच्या व्याकरणाच्या चाचणीतून सुमारे पावणेसात लाख लोकांची माहिती तपासली. त्यात असं दिसलं की व्याकरण आत्मसात करण्याची ताकद सतरा-अठराव्या वर्षापर्यंत चांगली टिकते. पण ती भाषा जन्मापासून बोलणाऱ्यांच्या पातळीला पोचायचं असेल तर दहा-बाराच्या आत सुरुवात झालेली बरी. म्हणजे लवकरचा फायदा आहे. तो कुणाला मिळतो, हे विचारायचं मात्र आपण विसरतो. तो ठळकपणे मिळतो त्या मुलांना, जी त्या भाषेत राहतात, ज्यांच्या अंगणात, दुकानात, भांडणात, झोपेच्या गोष्टीत ती भाषा असते.

सिएटलच्या पॅट्रिशिया कूल यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला या बाबतीत सगळ्यात बोलका वाटतो. नऊ महिन्यांची अमेरिकन बाळं घेतली. चार आठवड्यांत बारा वेळा, प्रत्येक वेळी पंचवीस मिनिटं, चिनी बोलणारी माणसं त्यांच्याशी खेळली, त्यांना पुस्तकं दाखवली. एवढ्यावर ती बाळं चिनी भाषेतला एक अवघड ध्वनिभेद तैवानमधल्या बाळांइतक्याच सफाईने ओळखू लागली. दुसऱ्या बाळांना तीच माणसं, तेच बोलणं, तेवढाच वेळ टीव्हीच्या पडद्यावर दाखवलं. आणखी काहींना नुसता आवाज ऐकवला. या दोन्ही गटांतली बाळं काहीही शिकली नाहीत. पडद्यापुढे बसवून मूल इंग्रजी शिकतंय असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ध्यानात घ्यावं. माणूस समोर हवा, त्याने मुलाच्या नजरेकडे बघून बोलायला हवं, मुलाने काही केलं की त्याला उत्तर द्यायला हवं.

इथे आजी-आजोबांना थोडा दिलासा देते. ज्यांची नातवंडं अमेरिकेत नाहीतर इंग्लंडमध्ये आहेत त्यांच्या घरी हा प्रश्न उलटा आहे. तिथे मराठीच मुलांच्या हातून निसटू बघते. 2014 मध्ये दोन-अडीच वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं की व्हिडिओ कॉलवरचं माणूस मुलाला खरोखर प्रतिसाद देत असेल तर मूल त्याच्याकडून नवे शब्द शिकतं. तेच माणूस आधी रेकॉर्ड केलेलं असेल तर शिकत नाही. तेव्हा रविवारच्या कॉलवर 'जेवलास का' एवढ्यावर थांबू नका. त्याच्या हातातल्या गाडीबद्दल विचारा, ती कुठे चालली आहे विचारा, त्याला चुकीचं सांगा आणि तो दुरुस्त करतो का ते बघा.

आता हिशेब. तीन वर्षांचं मूल दिवसाचे बारा तास जागं असतं असं धरलं तर वर्षाचे चार हजारांवर तास ते घरच्या भाषेत असतं. आपली प्राथमिक शाळा, शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे, पहिली ते पाचवीला वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास चालते, आणि त्या 800 तासांत सगळे विषय बसवायचे असतात. इंग्रजीला रोज अर्धा तास मिळाला तर वर्षाचे 100 तास होतात. द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकासमोर दोन-तीन इयत्ता एकाच वेळी बसलेल्या असतात, तिथे त्या अर्ध्या तासातलाही किती भाग पहिलीच्या वाट्याला येतो ते मागच्या रांगेतल्या शिक्षकांना विचारा. आणि त्या वेळातलं बरंचसं बोलणं मराठीतच होतं. समजावून सांगायचं तर दुसरं करणार काय? चार हजार तासांत मूल जे करतं ते शंभर तासांत होईल ही अपेक्षा कशाच्या जोरावर ठेवायची?

हे इतर देशांनी करून पाहिलेलं आहे, आणि मोजलेलंही आहे. स्पेनमध्ये शिक्षणसुधारणेनंतर इंग्रजीची सुरुवात अकराव्या वर्षावरून आठव्या वर्षावर आली. बार्सिलोनाच्या कार्मेन मुन्योस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही संधी साधली. जुन्या पद्धतीची मुलं आणि नव्या पद्धतीची मुलं, दोघांना सारखेच तास झाल्यावर तपासायचं असं त्यांनी ठरवलं. 200 तासांनंतर, 416 तासांनंतर, 726 तासांनंतर. जवळजवळ प्रत्येक कसोटीत उशिरा सुरू केलेली मुलं पुढे होती. त्याहून जुना एक अभ्यास हॉलंडमधला, 1978 चा, कॅथरिन स्नो आणि मारियान हूफनागेल-हूले यांचा. इंग्रजी बोलणारी कुटुंबं तिथे नव्याने राहायला आली होती आणि घरातले सगळे डच शिकत होते. पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त वेगाने शिकले ते बारा ते पंधरा वर्षांचे मुलगे-मुली आणि मोठी माणसं. तीन ते पाच वर्षांची मुलं वर्षभर सगळ्यांत मागे राहिली. मोठ्या मुलाला वाचता येतं, नियम सांगितला तर कळतो, शब्द लक्षात ठेवायच्या युक्त्या त्याच्याकडे असतात. लहानग्याचं बळ वेगळं. ते न समजता, न थकता, नुसतं ऐकून भाषा उचलतं. पण त्यासाठी त्याला तास लागतात, आणि ते हजारांनी लागतात.

इंग्लंडने 1960 च्या दशकात प्राथमिक शाळांत आठव्या वर्षापासून फ्रेंच सुरू केलं होतं. दहा वर्षांनी, 1974 मध्ये, क्लेअर बर्स्टॉल यांचा अहवाल आला. सोळाव्या वर्षी ही मुलं अकराव्या वर्षी सुरू करणाऱ्यांच्या पुढे होती ती फक्त ऐकून समजण्यात. सरकारने प्रयोग गुंडाळला. जर्मनीतल्या नॉर्थऱ्हाइन-वेस्टफालिया या मोठ्या राज्याची गोष्ट तर परवा-परवाची. तिथे इंग्रजी तिसरीतून पहिलीत आणलं. सातवीत मोजलं तेव्हा तिसरीपासून शिकलेली मुलं पुढे निघाली. नववीत मोजलं तेव्हा पहिलीपासून शिकलेली पुढे आली. हे दोन्ही निकाल एकाच संशोधक चमूचे आहेत, आणि त्यांनी ते दडवले नाहीत याचं मला कौतुक वाटतं. लवकर शिकलेलं वाया जातं असं मी म्हणूनच म्हणणार नाही. प्राथमिक शाळेने जे दिलं ते पुढच्या शाळेने हातात धरलं तर ते सावकाश फळतं. पुढच्या शाळेने पुन्हा ए फॉर ॲपलपासून आरंभ केला तर मुलं कंटाळतात. तरीही त्या राज्याने 2021-22 पासून इंग्रजी पुन्हा तिसरीवर नेलं. पहिली-दुसरीतला वेळ त्यांना मुलांच्या जर्मन वाचनासाठी हवा होता.

आपल्याकडचा जुना इतिहासही हेच सुचवतो. एकोणिसाव्या शतकात मुलगा आधी मराठी इयत्ता करी आणि मग इंग्रजी पहिलीत जाई. टिळक-आगरकरांच्या पिढीच्या हाती इंग्रजी आलं ते दहा वर्षांच्या आसपास. पुढे हायस्कुलात सगळे विषय इंग्रजीत, म्हणजे तासांची लयलूट. ती शाळा फार थोड्यांची होती, बहुतेक उच्चवर्णीय मुलग्यांची, हे विसरून तिचे गोडवे गाऊ नयेत. पण इंग्रजी उशिरा सुरू झाल्यामुळे त्या पिढीचं इंग्रजी कच्चं राहिलं असं कुणी म्हणू शकणार नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मी डी.एड.च्या मुलींना नेहमी देत असे. जन्म 1858 चा. आई लक्ष्मीबाईंनी त्यांना संस्कृत शिकवलं ते तोंडी, तीर्थयात्रेत मुक्काम हलवत हलवत. भागवताचे हजारो श्लोक त्या मुलीला असे पाठ झाले. लहान वयात भाषा शिकण्याचा यापेक्षा सुंदर नमुना मला माहीत नाही. समोर रोज एकच जिवंत माणूस, ज्याला स्वतःला ती भाषा येते, आवडते, आणि ज्याला घाई नाही. इंग्रजी मात्र त्यांनी मोठेपणी हाती घेतलं. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या, आणि 1887 मध्ये 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे त्यांचं इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालं. पुढे बायबल मराठीत आणायचं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडलेली होती. अशा असामान्य बाईवरून सर्वसामान्य मुलांसाठी नियम काढू नये हे मला मान्य आहे. मला त्यातलं एवढंच हवं आहे की पंचविशीत इंग्रजी शिकणाऱ्या रमाबाईंच्या हातात एक भाषा आधीच पूर्ण ताकदीने होती. कॅनडातले जिम कमिन्स 1979 पासून हेच सांगत आले आहेत. एका भाषेत वाचणं, विचार करणं, मुद्दा मांडणं जमलं की ते कसब दुसऱ्या भाषेत सोबत जातं. पहिली भाषा अर्धी राहिली तर नेण्यासारखं फारसं काही हातात नसतं.

मराठी शाळेतल्या पहिलीच्या इंग्रजी तासाला मी पुष्कळदा मागे बसलेली आहे. एक तास सांगते. जिल्हा परिषदेची शाळा, फळ्यावर 'धिस इज अ बॉल'. बाई पट्टीने एकेक शब्द दाखवत होत्या आणि मुलं एका सुरात म्हणत होती. माझ्या जवळ बसलेली मुलगी ते वहीत उतरवत होती. शब्दांमध्ये जागा सोडायची असते हे तिला ठाऊक नव्हतं, त्यामुळे सगळी अक्षरं एकमेकांना चिकटलेली, आणि एस उलटा. मी हळूच विचारलं, 'काय लिहिलंस गं?' तिने वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि समजावणीच्या सुरात म्हणाली, 'हे वाचायचं नसतं, हे फक्त लिहायचं असतं.' या मुलीला अजून मराठी जोडाक्षरं यायची होती. लिहिलेल्या खुणांतून बोलणं निघतं, ही वाचनाची मूळ गोष्टच अजून तिच्या मनात पक्की व्हायची होती, आणि आपण तिला अशी लिपी लिहायला लावली होती जिच्यातून तिच्यापुरतं काहीच निघत नव्हतं.

त्याच दिवशी शेवटच्या तासाला बाईंनी मुलांना व्हरांड्यात उभं केलं. 'टच युवर नोज.' 'टर्न अराउंड.' 'सिट डाउन.' आणि मग मुद्दाम फसवायला तोंडाने 'नोज' म्हणायचं आणि हात कानाला लावायचा. ही मुलगी एकदाही फसली नाही. उलट कानाला हात लावणाऱ्या शेजाऱ्याचा हात तिने धरून नाकावर ठेवला. बाईंचं इंग्रजी तेवढंच होतं, वीस-पंचवीस आज्ञा. पण त्या वीस-पंचवीस आज्ञांमध्ये ती मुलगी इंग्रजीत होती. जेम्स ॲशर यांनी 1960 च्या दशकात अमेरिकेत याच रीतीचा पुरस्कार केला. मुलांनी आधी ऐकावं, अंगाने उत्तर द्यावं, बोलायची सक्ती करू नये. आपल्या बाईंनी ॲशरचं नावही ऐकलेलं नसेल. मुलं हसतात म्हणून त्या हा खेळ घेत होत्या, आणि वर्गातल्या 'खऱ्या' इंग्रजीसमोर त्याला त्या किंमत देत नव्हत्या. मी त्यांना म्हटलं, बाई, आज इंग्रजीचा तास हाच झाला.

शिक्षकांना दोष देणं सोपं आहे. 2000 साली ज्यांच्यावर ही जबाबदारी पडली त्यांतल्या बहुतेकांचं शिक्षण मराठीत झालेलं, इंग्रजी पाचवीपासून आणि तेही पुस्तकी. त्यांना अल्पकाळाचं प्रशिक्षण मिळालं आणि वर्गात पाठवलं. स्वतः ज्या भाषेत कधी गप्पा मारलेल्या नाहीत ती भाषा सहा वर्षांच्या मुलांना बोलून बोलून शिकवा, असं आपण त्यांना सांगितलं. भाषेपेक्षा जास्त त्यांना धीर हवा होता. पुढे राज्य सरकार, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांच्या 'तेजस' उपक्रमात शिक्षकांचे गट ठरावीक काळाने एकत्र बसू लागले, आपसात इंग्रजीत बोलू लागले, वर्गातले अनुभव सांगू लागले. या दिशेचं काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. मुलासाठी शिक्षकाचं इंग्रजी हेच त्याचं वातावरण. ते वाढवल्याशिवाय सुरुवातीची इयत्ता कितीही खाली आणली तरी मुलाच्या कानावर नवं काही पडत नाही.

आणि काही मुलांच्या बाबतीत आपण पहिलं पाऊलच चुकीचं मोजतो. मेळघाटातलं कोरकू मूल पहिलीत येतं तेव्हा त्याला नवी भाषा शिकायची असते ती मराठी. कोरकू मराठीच्या कुळातलीही नाही. ती मुंडा भाषा आहे. गडचिरोलीतल्या माडिया मुलाची भाषा द्रविड कुळातली. डहाणूकडच्या वारली मुलांना ग्रांथिक मराठी परकी वाटते, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला काम करताना रोज अनुभवलं असणार. अंगणवाडी मुलांच्या अंगणात नेणाऱ्या या बायका मुलांशी त्यांच्या बोलीपासून सुरुवात करत. अशा मुलांना पहिल्याच वर्षी मराठी आणि इंग्रजी या दोन नव्या भाषा, दोन नव्या लिप्या. 2025 च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय निघाला, राज्यभर विरोध झाला आणि 29 जूनला सरकारने तो मागे घेतला. हिंदी परकी नाही. पण त्या सगळ्या गदारोळात कोरकू मुलाच्या पहिलीच्या वर्गात चार भाषा जमा होणार होत्या, हे बोलणारे फार थोडे होते. 800 तासांतले तास कुठून आणायचे, हेही कुणी विचारलं नाही.

माझं बोलणं कुणाला निराशेचं वाटत असेल तर गाडीवाटचं सांगते. औरंगाबाद जिल्ह्यातलं, आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलं, हे गाव. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत 2019 मध्ये मुलांना विचारलं की तुम्हाला कोणती परकी भाषा शिकायची आहे. चौथी ते आठवीची मुलं. त्यांनी जपानी सांगितली, कारण त्यांना यंत्रमानवांची, रोबोटिक्सची ओढ होती. पुस्तकं नव्हती, जपानी येणारे शिक्षक नव्हते. इंटरनेटवरून, व्हिडिओंवरून, भाषांतराच्या ॲपवरून शिक्षकांनी आणि मुलांनी मिळून सुरुवात केली. मग एक जपानीचे जाणकार स्वतःहून पुढे आले आणि ऑनलाइन तास घेऊ लागले. ही मुलं नऊ ते चौदा वर्षांची होती. त्यांना मराठी वाचता येत होतं, इंग्रजीची चार वर्षं गाठीशी होती, आणि भाषा त्यांनी स्वतः निवडली होती. बार्सिलोनाच्या संशोधकांना ज्या वयात वेग दिसला तेच हे वय. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला, माक्स म्युलर भवनला जर्मन-फ्रेंच-जपानी शिकायला येणारी बहुतेक मंडळी तर याहून पुष्कळ मोठी असतात, आणि त्यांच्यातून उत्तम दुभाषे तयार झालेले आहेत.

संयोजकांच्या अटीप्रमाणे पालकांना सांगते. नर्सरी निवडताना शाळा किती लवकर लिहायला लावते ते विचारू नका. तिथे मुलाशी कोण बोलतं, किती बोलतं, कोणत्या भाषेत मनमोकळं बोलतं, ते अर्धा तास बसून बघा. घरात कुणाला इंग्रजी खरोखर चांगलं येत असेल तर त्याने मुलाशी रोज बोलावं, गोष्टी वाचून दाखवाव्यात. येत नसेल तर घरी मराठीच भरपूर बोला. मोडक्या इंग्रजीत 'कम, सिट, ईट' एवढ्यावर मुलाला वाढवलं तर त्याला ना ही भाषा मिळते ना ती. मूल दहा वर्षांचं झालं, अजून इंग्रजी बोलत नाही, म्हणून घाबरून जाऊ नका. वेळ गेलेली नाही.

शिक्षकांसाठी आणि धोरण ठरवणाऱ्यांसाठी माझी मागणी तासांची आहे. पहिली-दुसरीत इंग्रजी ठेवावं, पण ते कानाचं आणि अंगाचं ठेवावं. गाणी, आज्ञा, गोष्टी, खेळ, रोज पंधरा मिनिटं. वही नको, परीक्षा नको, स्पेलिंग नको. शंभरांतले जे पन्नास तास उरतील ते दोन्ही वर्षं मराठी वाचनाला द्यावेत, आणि आदिवासी भागात मुलांच्या बोलीतून मराठीकडे यायला द्यावेत. तिसरीत मूल मराठी घडाघडा वाचू लागलं की इंग्रजी वाचन सुरू करावं. आणि पाचवी-सहावीत एक सत्र असं काढावं की रोज दोन तास इंग्रजी, सलग, दुसऱ्या विषयाचा काही भागही इंग्रजीतून. सहावीच्या 1000 तासांत ते बसतं; मी वेळापत्रक मांडून पाहिलेलं आहे, कागद इथे टेबलावर आहेत. कॅनडातल्या शाळा अशी दाट सत्रं अनेक वर्षं घेत आहेत. मात्र त्या सत्राला असे शिक्षक लागतील जे दोन तास न अडखळता बोलू शकतील, आणि प्रत्येक केंद्रात असे दोघे-तिघे तयार करायचे तर त्याची सुरुवात पुढच्या जूनची वाट न बघता याच वर्षीच्या शिक्षण परिषदांपासून करायला हवी. आजच्या सभेला आलेल्या शिक्षकांपैकी ज्यांना दर शनिवारी दुपारी इंग्रजीत गप्पा मारायला बसायचं असेल त्यांच्यासाठी या ग्रंथालयाने वरची खोली देऊ केली आहे. गावातले इंग्रजीचे दोन निवृत्त प्राध्यापक यायला तयार आहेत. मीही येणार आहे. नावं बाहेर पडताना दाराशी नोंदवून घेतली जातील.